सेनिओच्या बांधावर

देशावरच्या शेतकऱ्याला बांध या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. दोन शेतांच्या मधली ती हातभर रुंदीची माती सख्ख्या भावांचे बोलणे बंद करते, मोजणीदाराला खेपा घालावयास लावते, तालुक्याच्या कोर्टात तीन-तीन पिढ्यांचे दावे पोसते. आणि इतके होऊनही ज्याच्या वाट्याला ती येते त्याला तिच्यावर गवताच्या दोन पेंढ्यांपलीकडे फारसे काही मिळत नाही. अशा मुलखातली, बांधाची किंमत नेमकी जाणणारी तरणी पोरे १९४५ च्या एप्रिल महिन्यात घरापासून चार हजार मैलांवर, उत्तर इटलीतील एका परक्या नदीच्या बांधाला पोट लावून पडली होती. आणि त्याच बांधाच्या दुसऱ्या अंगाला, काही ठिकाणी तर मधल्या मातीवरून हातगोळा सहज फेकता यावा इतक्या अंतरावर, जर्मन शिपाई पडून होते. त्या बांधाच्या अलीकडची वा पलीकडची तसूभर जमीनही या दोघांपैकी कोणाच्या नावे लागावयाची नव्हती.

त्या नदीचे नाव सेनिओ. नकाशावर ती शोधावी लागते. अपेनाइन पर्वताच्या कुशीत उगम पावून रोमान्याच्या सपाट प्रदेशातून ईशान्येकडे एड्रियाटिक समुद्राच्या दिशेने जाणाऱ्या ज्या अनेक लहान नद्या आहेत, त्यांपैकीच ही एक. ज्या ठिकाणची हकीकत येथे सांगावयाची आहे तेथे तिचे पात्र सुमारे १५ फूट रुंद आणि पाणी चार-पाच फूट खोल होते. म्हणजे आपल्याकडे जिला ओढा म्हणून सोडून दिले असते, एवढीच ती. परंतु या नद्या डोंगरातला गाळ वाहून आणतात, गाळाने तळ वर येतो, तळ वर आला की पुराचे पाणी शेतांत शिरते, आणि ते शिरू नये म्हणून तेथील लोकांनी शतकानुशतके दोन्ही तीरांवर मातीचे बांध रचीत नेले. त्यामुळे सेनिओच्या त्या चिमुकल्या प्रवाहाच्या दोन्ही अंगांना ३० ते ३५ फूट उंचीचे, जवळजवळ उभ्या चढणीचे, एखाद्या भुईकोटाच्या तटाप्रमाणे दिसणारे बांध उभे होते. पुराला अडविण्याकरिता रचलेली ही माती फौजेलाही अडवील हे हेरून जर्मनांनी ते दोन्ही बांध आतून पोखरले, त्यांत भुयारे, निवारे आणि मशीनगनींचे मोर्चे बसविले, आणि पाण्याच्या काठाने सुरुंगांचा पट्टा पेरून ठेवला.

युद्ध या ओढ्यापाशी येऊन का अडले, हे कळण्यास थोडे मागे गेले पाहिजे. दोस्त राष्ट्रांच्या फौजा १० जुलै १९४३ रोजी सिसिलीत उतरल्या आणि सप्टेंबरात इटलीच्या मुख्य भूमीवर आल्या. इटलीच्या सरकारने तह केला. परंतु इटलीचा मुलूख जर्मनांनी सोडला नाही. लांबट आणि अरुंद देश, मधोमध पर्वताचा कणा, आणि त्या कण्यापासून दोन्ही समुद्रांकडे उतरणाऱ्या नद्या, अशी ती भूमी असल्याकारणाने माघार घेणाऱ्यास दर दहा-वीस मैलांवर निसर्गतःच एक नवा तट तयार मिळत असे. कासिनोचा डोंगर मे १९४४ मध्ये, चार महिन्यांच्या झुंजीनंतर, हाती आला. ४ जून रोजी रोम पडले. आणि लागलीच दोन दिवसांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोस्तांचे सैन्य उतरल्यामुळे जगाचे लक्ष इटलीवरून जे उडाले ते पुन्हा फारसे परतले नाही. लक्षापाठोपाठ सैन्यही गेले. ऑगस्टात दक्षिण फ्रान्सच्या स्वारीसाठी अमेरिकन आणि फ्रेंच पलटणी काढून नेण्यात आल्या, हिवाळ्यात काही सैन्य ग्रीसकडे वळविण्यात आले, आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये कॅनेडियन कोअर वायव्य युरोपात रवाना झाली. जे मागे उरले त्यांच्याकडून अपेक्षा मात्र तीच राहिली: शत्रूला येथे गुंतवून ठेवा, त्याची एकही डिव्हिजन दुसरीकडे जाऊ देऊ नका. जिंकण्यासाठी लढणे आणि दुसरा कोणी जिंकावा म्हणून लढणे यांत जे अंतर आहे, ते इटलीतल्या शिपायाच्या वाट्याला पुरेपूर आले.

या मागे उरलेल्यांत हिंदी फौजेचा वाटा मोठा होता. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजनांनी या मोहिमेत भाग घेतला, आणि त्यांतल्या दोहोंत मराठा पलटणी होत्या. आठव्या डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती; थोरल्या माधवरावांच्या अमदानीत, १७६८ साली, कंपनी सरकारने मुंबईच्या रखवालीसाठी उभी केलेली आणि पुढे ‘जंगी पलटण’ या नावाने ओळखली जाऊ लागलेली तीच ही. तिसरी पलटण दहाव्या डिव्हिजनमध्ये होती. तिचा बावीस वर्षांचा नाईक, कुलाबा जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचा यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडला. त्याच्या तुकडीतले बाकीचे सर्व जण मशीनगनच्या माऱ्याने मेले वा जखमी झाले, तेव्हा तो एकटाच त्या मोर्चावर धावून गेला. हातगोळ्याने त्याने गन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले, आणि गोळ्या संपून नवी भरण्यास उसंत नाही असे पाहून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळविले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या मोर्चातच त्याने देह ठेवला.

उन्हाळा संपला आणि अपेनाइनमधील ज्या तटबंदीला ‘गॉथिक लाइन’ म्हणत तिच्यावर हल्ले सुरू झाले. ती फोडता फोडता शरद ऋतू सरला, पाऊस लागला, आणि डोंगरउतारांची माती चिखल होऊन वाहू लागली. मोटारी जेथे हतबल झाल्या तेथे दारूगोळा आणि शिधा पोहोचविण्याचे काम हिंदी खेचरांच्या तांड्यांनी केले. डिसेंबरच्या प्रारंभी राव्हेन्ना पडले. पण वर्षाअखेर तोफांचे गोळे रेशनिंगने मोजून वापरण्याची पाळी आली, बर्फ पडू लागले, आणि आघाडी सेनिओच्या बांधाशी येऊन थबकली. मध्यंतरी नाताळच्या दुसऱ्या दिवशी जर्मनांनी आणि मुसोलिनीच्या उरल्यासुरल्या फौजेने पश्चिमेकडे सेर्किओच्या खोऱ्यात अचानक मुसंडी मारून तेथील अमेरिकन फळी मागे रेटली, तेव्हा पर्वत ओलांडून तिकडे धाडण्यात आलेल्या आठव्या हिंदी डिव्हिजनच्या पलटणींनी ते भगदाड बुजविले आणि नव्या वर्षाच्या आरंभापर्यंत बार्गाच्या आसपासची गेलेली गावे परत मिळविली. हे काम उरकून ती डिव्हिजन पुन्हा एड्रियाटिकच्या बाजूला आली ती सेनिओवर जागा घेण्यासाठीच.

आता समोरच्या पक्षाची स्थिती पाहू. दीड वर्ष इटलीतील माघार मोठ्या कौशल्याने चालविणारा फील्डमार्शल केसलरिंग याला मार्च १९४५ मध्ये पश्चिम आघाडीवर बोलावण्यात आले आणि सूत्रे जनरल फोन फीटिंगहोफ याजकडे गेली. त्याच्या शिपायांत लढण्याची धमक शिल्लक होती. पण आकाशात विमाने नव्हती, पो नदीवरचे पूल बाँबहल्ल्यांनी उडाले होते, आणि पेट्रोलची अशी वानवा होती की गाड्या आणि तोफा ओढण्यास शेतकऱ्यांचे बैल जुंपण्याची वेळ आली होती. वेळीच मागे हटून पो नदीच्या आश्रयाने उभे राहावे, असे सेनापतीचे मत. एक पाऊलही मागे घ्यावयाचे नाही, असे हिटलरचे फर्मान. आणि पडद्याआड आणखीही एक व्यवहार चालू होता. इटलीतील एस्‌एस्‌ दलाचा मुख्य कार्ल वोल्फ हा ८ मार्च रोजीच स्वित्झर्लंडमध्ये अमेरिकन हेरखात्याच्या अ‍ॅलन डलेसला भेटला होता आणि शरणागतीच्या वाटाघाटींस आरंभ झाला होता. म्हणजे मुत्सद्दी झुरिचमध्ये मसलती करीत होते, रशियाला त्याचा संशय येऊन राजधान्यांमधून निषेधाची पत्रे जात-येत होती, आणि त्याच सुमारास सेनिओच्या बांधाखाली शिपाई आपापल्या खळग्यात बसून, वरून कोणाचे शिरस्त्राण दिसते की काय याची वाट पाहत होते. त्यांना त्या मसलतीचा सुगावा असण्याचे कारण नव्हते. आणि असता तरी त्यांच्या हुकमात एका अक्षराचाही फरक पडला नसता.

दोस्तांच्या पक्षी सर्व फौजांचा प्रमुख अमेरिकन जनरल मार्क क्लार्क होता. पूर्वेकडील आठवी आर्मी मक्‌क्रीरीच्या, तर डोंगरातील पाचवी आर्मी ट्रस्कॉटच्या हाताखाली होती. बेत असा ठरला की प्रथम आठव्या आर्मीने सेनिओ आणि पलीकडची सांतेर्नो या नद्या ओलांडाव्या, कोमाकिओचे विस्तीर्ण खाजण आणि रेनो नदीचा दलदलीचा प्रदेश यांच्यामधली आर्जेन्ताची चिंचोळी वाट उघडावी; पाठोपाठ पाचव्या आर्मीने डोंगरातून बोलोन्याच्या रोखाने उतरावे; आणि दोन्ही फौजांच्या चिमट्यात जर्मन सैन्य पो ओलांडण्यापूर्वीच सापडावे. सेनिओवरील हल्ल्याचे काम डावीकडे न्यूझीलंडच्या आणि उजवीकडे, लुगो गावासमोर, मेजर जनरल डडली रसेल यांच्या आठव्या हिंदी डिव्हिजनकडे सोपविण्यात आले. न्यूझीलंडकरांच्याही डावीकडे पोलिश कोअर होती. स्वतःच्या देशाचे भवितव्य याल्टाच्या बैठकीत परस्पर ठरून गेले आहे हे माहीत असूनही ते पोलिश शिपाई लढण्यास उभे राहिले, ही गोष्ट आपल्या लोकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. कारण परवशतेतल्या शिपायाचे दुःख त्या आघाडीवर एकट्या हिंदी शिपायाच्याच वाट्याला आले नव्हते.

९ एप्रिलला दुपारी आघाडीच्या पलटणींना बांधापासून काहीशे हात मागे घेण्यात आले आणि त्यानंतर आठशेंहून अधिक अवजड बाँबफेकी विमाने नदीपलीकडच्या प्रदेशावरून गेली. त्यांच्यामागून तोफखाना सुरू झाला. एकदा भडिमार व्हावा, तो थांबावा, आता पायदळ येणार म्हणून जर्मनांनी भुयारांतून मोर्चांवर धावावे, आणि पायदळाऐवजी पुन्हा भडिमारच यावा, असा हा फसवणुकीचा खेळ सायंकाळपर्यंत चालला. शेवटी ज्वालाफेकी रणगाडे बांधाशी भिडले आणि त्यांनी आगीचे लोळ पलीकडे फेकले. आणि सूर्य मावळतीला गेला असता पायदळ उठले. कोणी लाकडी शिड्या घेतल्या होत्या, कोणी सावरीच्या कापसाने भरलेले हलके तरंगते पूल खांद्यावर घेतले होते; पण पुष्कळांनी सरळ पाण्यातच उड्या घातल्या.

सान पोलितोच्या उत्तरेस जंगी पलटणीची एक कंपनी अलीकडच्या म्हणजे पूर्वेच्या बांधावर चढली. तिच्यामागून तीन मिनिटांनी दुसऱ्या कंपनीने तिला ओलांडून पश्चिमेच्या बांधावर जावयाचे होते. या दुसऱ्या कंपनीचा हरकारा होता शिपाई नामदेव जाधव, राहणार निमज, जिल्हा अहमदनगर, वय तेवीस. हरकाऱ्याचे काम निरोप पोहोचविण्याचे, आणि त्यासाठी कंपनी-कमांडरच्या पाठीशी राहावयाचे. ही मंडळी पाण्यातून चालत पश्चिमेच्या काठाला लागतात न लागतात तोच त्यांच्या पाठीमागून, म्हणजे जो बांध त्यांनी नुकताच ओलांडला होता त्याच्याच आतल्या अंगातून, निदान तीन मोर्चांनी मारा सुरू केला. ज्या तटावरून आपण उतरलो तो तट अद्याप शत्रूचाच आहे, हे त्यांना असे कळले. कंपनी-कमांडर आणि दोन शिपाई जखमी झाले. बाकीचे ठार झाले. नामदेव तेवढा धडधाकट राहिला.

पुढे त्याने जे केले ते शौर्यपत्राच्या सरकारी भाषेतही झाकले गेलेले नाही. एका जखमी माणसाला उचलून तो पाण्यातून परत निघाला, आणि मशीनगनी व उखळी तोफा यांच्या माऱ्यात, सुरुंगांच्या पट्ट्यातून, तो उभा बांध चढून त्याने त्याला सुरक्षित जागी नेऊन ठेवले. परत येऊन त्याने दुसऱ्याला नेले. येथे थांबला असता तरी त्याला कोणी बोल लावला नसता. परंतु तो तिसऱ्यांदा त्या उघड्या बांधावर गेला, जवळच्या मोर्चावर धावून जाऊन तो टॉमीगनने बंद पाडला. हाताला गोळी लागून बंदूक चालेना, तेव्हा ती टाकून देऊन हातगोळे घेतले. गोळे संपले, तेव्हा सरपटत माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून नवे मागून आणले. आणि उरलेले दोन मोर्चे एकामागून एक उद्ध्वस्त केले. मग, उखळी तोफांचे गोळे पडतच असताना, तो बांधाच्या माथ्यावर उघडा उभा राहिला आणि मराठ्यांची रणगर्जना करीत त्याने खोळंबलेल्या कंपन्यांना हात हालवून पुढे बोलाविले. त्या उताऱ्यावरची वीस-बावीस हात मातीची चढण तो त्या संध्याकाळी किती वेळा चढला-उतरला असेल, हे ज्याने ओल्या बांधावरून ओझे घेऊन पाय घसरताना सावरला आहे, त्यालाच नीट समजेल.

त्याच सायंकाळी थोड्या अंतरावर, फुझिन्यानोजवळ, तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्सचा कोहाटकडील शिपाई अली हैदर याने, त्याच्या तुकडीतील केवळ तिघे जण पार झाले असता, दोनदा जखमी होऊनही दोन मोर्चे काबीज केले. इटलीच्या संपूर्ण मोहिमेत जे वीस व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आले त्यांपैकी सहा हिंदी फौजेला मिळाले, आणि त्या सहांतले दोन एकाच संध्याकाळी एकाच ओढ्यावर. रात्रीतून पूल उभे राहिले, दुसऱ्या दिवशी लुगो मुक्त झाले, आणि ११-१२ एप्रिलला सांतेर्नोही ओलांडली गेली.

त्यापुढची हकीकत वेगाची आहे. आर्जेन्ताची वाट १८ एप्रिलच्या सुमारास उघडली. १४ एप्रिलला निघालेली पाचवी आर्मी डोंगर उतरून सपाटीवर आली. २१ रोजी पोलिश सैन्य बोलोन्यात शिरले. आठवी हिंदी डिव्हिजन काही दिवसांच्या विसाव्यानंतर पुन्हा आघाडीवर येऊन फेर्राराकडे धावली. पो नदीच्या दक्षिण काठावर जर्मनांच्या रणगाड्यांचा, तोफांचा आणि गाड्यांचा ढीग साचला, आणि पुष्कळ शिपाई पोहून पार झाले. ज्या फौजेने प्रत्येक ओढ्याला महिना-महिना झुंज दिली होती, तिला इटलीतली सर्वांत मोठी नदी एक आठवडाही लढविता आली नाही. ती लढविण्याजोगे सैन्य सेनिओ आणि सांतेर्नो यांच्यामध्येच खर्ची पडले होते. गावोगावी इटालियन प्रतिकारक उठले. २८ रोजी त्यांनी मुसोलिनीला गोळ्या घातल्या. २९ एप्रिल रोजी काझेर्ताच्या राजवाड्यात शरणागतीच्या दस्तऐवजावर सह्या झाल्या, आणि २ मे रोजी दुपारी दोन वाजता इटलीतील तोफा थांबल्या. युरोपातील सर्वसाधारण शरणागतीच्या सहा दिवस अगोदरची ही गोष्ट. पण त्याच दिवशी बर्लिन पडल्याने तीही बातमी दुसऱ्या पानावर गेली.

नामदेव जाधवाचे गाव ज्या जिल्ह्यातले, त्याच जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यात, अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात, जवाहरलाल नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीचे इतर सभासद ऑगस्ट १९४२ पासून बंदिवान होते. नेहरूंना तेथून २८ मार्च १९४५ रोजी हलविण्यात आले, म्हणजे सेनिओच्या हल्ल्याच्या अवघे बारा दिवस आधी. तिकडे सातारा जिल्ह्यात, जेथून पिढ्यान्‌पिढ्या पलटणींत भरती होत आली होती, तेथे नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. एका घरातला एक भाऊ सरकारच्या पलटणीत आणि दुसरा सरकारच्या वॉरंटातून निसटून उसाच्या फडात, अशी ती वर्षे होती. स्वातंत्र्य आल्यावर आपण इतिहास लिहावयास बसलो तेव्हा फडातल्या भावाला त्यात जागा मिळाली, आणि ती मिळणे योग्यच होते. बांधावरच्या भावाचे काय करावे हे मात्र आपल्याला सुचले नाही. पानिपतावर जो पडला तो आपला, कारण ती लढाई आपली. सेनिओवर जो पडला तो कोणाचा, या प्रश्नाला आपण उत्तर दिले नाही, आणि हळूहळू तो प्रश्नही विसरलो. नामदेव जाधव परत आला आणि १९८४ पर्यंत जगला. परंतु इटलीत मेलेल्या हिंदी शिपायांची संख्या ५,७८२ सांगतात, आणि त्यांत देशावरची आणि कोकणातली नावे थोडी नाहीत.

त्यांच्यापैकी ज्यांचे दहन झाले अशा साडेसातशेंहून अधिक हिंदू व शीख शिपायांची नावे फोर्ली येथील हिंदी युद्धस्मशानातील स्मारकावर कोरलेली आहेत. जंगलात वा पर्वतावर नव्हे, तर द्राक्षाच्या मांडवांच्या आणि गव्हाच्या शेतांच्या मधोमध, त्याच रोमान्याच्या सपाटीवर ते स्मारक आहे.

आणि सेनिओचे बांध? लढाईनंतर तेथील शेतकऱ्यांनी सुरुंग काढले, भुयारे बुजविली आणि ते पुन्हा रचले; कारण त्या मातीचे खरे वैर जर्मनांशी वा मराठ्यांशी नव्हते, पाण्याशी होते. ते वैर अद्याप चालू आहे. मे २०२३ च्या अतिवृष्टीत सेनिओने आपले बांध फोडले आणि लुगो गाव पाण्याखाली गेले. त्यानंतर दोन महिन्यांनी, टायबरच्या वरच्या खोऱ्यातील मोन्तोने या गावी, यशवंत घाडगे याच्या नावाने सूर्यघटिकेच्या रूपाचे एक स्मारक उघडण्यात आले. ते व्हावे म्हणून तेथील ग्रामस्थांना एकोणऐंशी वर्षांनंतरही आस्था वाटली. माणगावचा कोण, कशासाठी आला आणि कोणाचा हुकूम पाळीत मेला, हा हिशेब त्यांनी केला नाही. आपल्या शेताच्या बांधाशी एक परका पोरगा पडला आहे, एवढी नोंद त्यांच्या दफ्तरी राहिली होती.